तांबड्या पट्ट्याखाली मुलाणी मॅडम

“बाई हिरीत गेली, आवो पळा, कालिजातली बाई हिरीत गेली,” असं ओरडत वस्तीवरची पारूकाकू बांधावरून सुटली. आवाज असा, की भीमेपलीकडच्या म्हशी दावं तोडून उठल्या आणि नरसिंहपूरच्या देवळातली घंटा कुणी हात न लावता वाजली. घंटेचं मी शपथेवर सांगणार नाही, पण म्हशींचं सांगतो.

भर दुपारी, उन्हाळ्याच्या तोंडावर, अर्धी वस्ती विहिरीवर लोटली. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणी बादल्या काढायचा गळ आणला, कुणी साखळी, कुणी पहार, आणि एका पठ्ठ्यानं तर ट्रॅक्टरच आणून काठाला लावला. गळ बाईच्या पदरात नाहीतर वेणीत अडकवावा आणि वर ओढावं असा एकंदर बेत होता. गळ सुटला, सरसर खाली गेला. तेवढ्यात विहिरीच्या तळातून अगदी शांत, वर्गात हजेरी घ्यावी तसा आवाज आला.

“लोखंड मागं घ्या. माझी होकायंत्राची सुई हलली.”

गळ अर्ध्यावर थांबला.

“सगळं मागं घ्या. ट्रॅक्टर वाजतोय तोसुद्धा.”

विहिरीचे मालक बबनतात्या तोवर खाटेवरून उठून आले होते. मॅडमना उतरायची परवानगी त्यांनीच दिली होती, फक्त घरात सांगायचं विसरले होते. त्यांनी वाकून खाली पाहिलं, पारूकाकूकडं पाहिलं आणि म्हणाले, “मरायला न्हाय गेली. दगूड बघाय गेलीय. गळ काढा.”

“दगूड वर काय कमी हायत?” काकूनं विचारलं.

मी विहिरीत पाळणा सोडायच्या यारीच्या मोटारीपाशी उभा होतो आणि डाव्या हातानं स्वतःची पँट धरली होती. कारण माझ्या पट्ट्याचं बक्कल लोखंडी होतं आणि मॅडमनी सकाळीच ते बारामतीत दुकानात ठेवायला लावलं होतं.

माझं बारामतीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. काटेवाडीपासून भीमा-नीरेच्या संगमापर्यंत ज्या विहिरीतली मोटार जळली नाही ती विहीर मला माहीत नाही, म्हणजे थोडक्यात सगळ्या विहिरी मला माहीत. म्हणूनच मॅडम माझ्याकडं आल्या. इकडं वर सगळी काळी माती आणि त्यावर ऊस. अस्सल खडक बघायचा तर विहिरीतच उतरावं लागतं. दुकानात आल्या त्या दिवशी नमस्कार-चमत्कार काही नाही. “मिस्त्री, तुमच्या ओळखीत सगळ्यात खोल कोरडी विहीर कोणती?” असा पहिला प्रश्न. मी घाबरून त्यांना आधी पाणी दिलं.

शमीम मुलाणी. मूळच्या इंदापूरच्या, बारामतीत एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायच्या. बुटक्या, सावळ्या, पायात पुरुषी सँडल, खांद्याला कापडी पिशवी आणि तिला नाडी. चेन नाही, कारण चेनमध्ये लोखंड. केसांच्या पिना प्लॅस्टिकच्या. साडीला सेफ्टी पिन लावायची नाही, पदर कमरेला खोचायचा. हॉटेलात चहाला बसल्या तर सवयीनं चमचा उचलून शेजारच्या टेबलावर ठेवायच्या. शेजारचा माणूस आपल्याला दुसरा चमचा कशाला म्हणून बघत राहायचा. बँकेत गेल्या की कॅशियरकडं कमी आणि फरशीकडं जास्त लक्ष. एकदा त्यांनी एका नव्या डॉक्टरच्या दवाखान्यात पायरी कसल्या दगडाची ते बघायला ती वाकून जिभेनं चाटली. त्या डॉक्टरनं त्यांना तपासायची फी घेतली नाही आणि परत कधी वेळही दिली नाही.

वर्गात त्या “नाही” म्हणायच्या आणि विहिरीपाशी आल्या की “न्हाय”. ह्यामुळं तात्यांचं आणि त्यांचं लगेच जमलं. त्या पहिल्या दिवशी वर आल्यावर चिंचेखाली बसून त्यांनी तात्यांना सगळं समजावून सांगितलं.

“तात्या, ही जमीन हितली न्हवं. हा खडक म्हंजे तापलेला रस हुता. तो थंड झाला तवा हे सगळं, इंदापूर, बारामती, तुमची वस्ती, पार विषुववृत्ताच्या खाली हुतं. मादागास्करच्या शेजारपाजारला.”

“म्हंजे आमी भायेरचं?”

“तुमी न्हाय. जमीन.”

“आन् आमी?”

“तुमी या गाडीत लई नंतर बसला.”

तात्यांनी चिंचेखालची चिमूटभर माती उचलून बघितली. मग म्हणाले, “मग सातबारा कुठल्या तलाठ्याकडं मागायचा?”

मॅडम हसल्या नाहीत. हा प्रश्न रास्त आहे असं म्हणाल्या. मग विहिरीतून काढलेला दगडाचा वेढा त्यांनी हातात धरला. वेढा म्हणजे करवंदीच्या काठीसारखा गोल, ड्रिलनं कापलेला, वीतभर तुकडा. “ह्यात लोखंडाचे बारीक कण हायत. रस थंड होताना त्या वेळच्या उत्तरेकडं तोंड करून ते जागच्या जागी अडकले. अडकले ते अडकलेच, आजपत्तुर हाललं न्हाईत. ते किती कलते हायत ते मोजलं, की ही जमीन तवा कुठं हुती ते कळतं. पन कण खरं बोलतात कधी? खडकात असताना दगडाचं तोंड कुठं हुतं हे मला म्हाईत असलं तर. म्हणून आधी सुई लावायची, दगडावर बाण काढायचा, आन् मगच दगूड मोडून घ्यायचा.”

“आन् बाण न्हाय काढला तर?”

“दिशा गेली की दगूड गेला. मग तो वरवंटा.”

हे वाक्य त्या दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. मी जर खोटं बोलत असेन तर वीस वेळा.

आता एका दगडावर भागत नव्हतं. पृथ्वीचं चुंबक म्हणे स्वतःच जरा डुलत असतं, म्हणून थरावर थर, वरपासून खालपर्यंत, प्रत्येकाचे वेढे पाहिजेत आणि मग त्यांची सरासरी. वरचे थर मॅडमनी वर्षानुवर्षं जमवले होते. कुठल्या कालव्याच्या कडेला, कुठल्या खाणीत, कुठल्या विहिरीत. राहिला होता एकच, सगळ्यात खालचा. आमच्या भागात खोल गेलं की खडकात एक तांबडा पट्टा लागतो, भाजलेल्या विटेसारखा. त्या पट्ट्याखालचा खडक बघायला मिळेल अशी विहीर पंचक्रोशीत एकच, बबनतात्यांची. तात्यांनी पाण्याच्या हट्टापायी ती इतकी खोल नेली होती की तळाला बादली सोडल्यावर माणूस घरी जाऊन जेवून यायचा, तेव्हा कुठं ती टेकायची.

आणि हा सगळा खटाटोप का, तर मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत दगडातलं चुंबक मोजायचं यंत्र होतं. तिथल्या प्रमुखांनी मॅडमना सांगितलं होतं, संच पुरा करा, तांबड्या पट्ट्याखालचे वेढे घेऊन या, आणि यंत्रावर तुम्ही स्वतः बसा. मॅडम त्या यंत्राबद्दल असं बोलायच्या, जशा काही बाया माहेराबद्दल बोलतात. खोली कशी आहे, भिंतींना कसलं खास पत्र्याचं अस्तर आहे, आत पृथ्वीचं चुंबकसुद्धा शिरत नाही. त्यांनी ते यंत्र फक्त फोटोत पाहिलं होतं.

कारण मॅडमना बारामतीतून हलताच येत नव्हतं. कॉलेजात भूशास्त्राचा विभाग म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक खोली, दोन कपाटं, किसनमामा नावाचे परिचर आणि मॅडम. पोरं कधी चार, कधी तीन. मॅडमनी लांबची रजा मागितली की प्राचार्य खुर्चीतून उठून उभे राहायचे, इतका आदर. “मॅडम, तुम्ही म्हणजेच विभाग. तुम्ही जागेवरून उठलात की विषय बंद. एकदा बंद झाला की पुन्हा कोण सुरू करणार?” आणि हे खोटंही नव्हतं. पुण्यात शिकल्या तेवढंच त्यांचं बाहेर जाणं. त्यानंतर इंदापूर ते बारामती, बारामती ते इंदापूर, मधे कधीतरी दौंडला रेल्वेनं. सबंध भारत विषुववृत्त ओलांडून वर आला ते सिद्ध करायला निघालेली बाई दौंडच्या पुढं सरकत नव्हती.

पण त्या वर्षी नशीब फिरलं होतं. मुंबईनं दिवाळीच्या सुट्टीतली तारीख दिली. सुट्टीच असल्यावर रजा नको, प्राचार्य नको, कुलूप नको. मॅडमनी नवी बॅग घेतली. ती दुकानात आणून मला दाखवली आणि “चाकं प्लॅस्टिकची आहेत” असं अभिमानानं सांगितलं.

मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी आमच्याकडं प्रत्येक जण आपापली हत्यारं पुजतो. मी मोटारी पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो. किसनमामा भाविक माणूस. मॅडमवर त्यांचा जीव. त्यांनी प्रयोगशाळेतली सगळी हत्यारं काढली. हातोडी पुसली, होकायंत्र पुसलं, ड्रिल पुसलं. कपाटातल्या थरांना कुलूप होतं म्हणून ते वाचले. पण तांबड्या पट्ट्याखालचे वेढे कापायला म्हणून टेबलावर मांडलेले होते, आणि ते चिखलानं माखलेले, वर काळ्या शाईच्या रेघोट्या. मामांना ते बघवलं नाही. मॅडमची सगळ्यात लाडकी वस्तू आणि पूजेला अशी? त्यांनी वेढे नळाखाली धरले, नारळाच्या काथ्यानं घासले, वाळू लावून पुन्हा घासले, उंचीप्रमाणं ओळीत मांडले, हळदकुंकू लावलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूचं एकेक फूल.

मॅडम आल्या तेव्हा मी प्रसादाला तिथंच होतो. त्यांनी टेबलाकडं पाहिलं. पुढं झाल्या. एक वेढा उचलला, फिरवला. दुसरा उचलला, फिरवला.

“मामा, बाण?”

“शाई व्हय? निघंना हो. लई घासावं लागलं बघा.” मामा घामेजलेले आणि खूष.

मॅडमनी वेढा होता तसा ठेवला. झेंडूचं फूल पडलं होतं ते परत त्याच्या डोक्यावर ठेवलं. मामांनी पेढा पुढं केला, तो घेतला, सगळा खाल्ला. “छान मांडलंय,” म्हणाल्या आणि खिडकीपाशी जाऊन सायकलस्टँडकडं बघत उभ्या राहिल्या. मामांना त्या शेवटपर्यंत रागावून एक शब्द बोलल्या नाहीत. काय झालं हे मामांना मी नंतर सांगितलं, तर तो बाप्या पायरीवर बसून ढसढसा रडला, आणि मॅडमच त्याला चहा पाजत बसल्या.

दिवाळी तशीच गेली. विहिरीला पाणी चढलं होतं, पुढचा उन्हाळा येईपर्यंत तळ दिसणार नव्हता. नवी बॅग कपाटावर गेली. मुंबईनं पुढची तारीख दिली ती जूनमधली, म्हणजे नेमकी कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांतली. मॅडम म्हणाल्या, “आधी दगड तर येऊ द्या. जूनचं जूनमध्ये बघू.”

उन्हाळ्यात तात्यांचा फोन आला. पोरानं विहीर बांधून काढायचं ठरवलंय, तळापासून वरपर्यंत सिमेंट. बाईला सांगा, काय घ्यायचं ते ह्या आठवड्यात घ्या, मग तांबडा पट्टा जन्मात दिसायचा न्हाय.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. ह्या वेळी सगळ्या वस्तीला नियम पाठ. बाया जोडवी काढून आल्या होत्या, ती चांदीची असूनसुद्धा. मी पँटला सुतळी बांधली होती. पाणी उपसायला पंप लावला, वरून वायर सोडून ड्रिलला वीज दिली, आणि यारीच्या पाळण्यात बसून मॅडम तळाला गेल्या. तासाभरात ड्रिल थांबलं. खालून आवाज, “वेढा कापून झाला मिस्त्री, बुडाला तेवढा चिकटलाय. ड्रिल वर घ्या, म्हंजे सुई लावते.”

लोखंड आधी वर, मग होकायंत्र. मॅडमचा नियम. पाळण्यात ड्रिल ठेवलं, मी मोटार चालू केली, पाळणा अर्ध्यावर आला आणि लाइट गेली.

आमच्याकडची लाइट जाते म्हणजे कशी जाते हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पाळणा ड्रिलसकट मधेच लोंबकळत. वर आम्ही. खाली मॅडम. आणि पंप बंद, म्हणजे झऱ्यांना मोकळं रान.

“मॅडम, लाइट गेली,” मी ओरडलो.

“दिसतंय. मला सुई लावू द्या.”

बराच वेळ गेला. मग पितळी छिन्नीचा एक टक्, दुसरा टक्. आणि मग, “घावला.”

तात्या म्हणाले, “शेंदायचा नाडा सोडतो, कमरेला बांधा. आमी आठ जन हाय, वढतो.”

“दोन्ही हातांत दगूड हाय. शाई वली हाय. नाडा कशानं धरू?”

“मग दगूड आधी वर द्या. प्लॅस्टिकची बादली सोडतो.”

मॅडमनी वर पाहिलं. मग म्हणाल्या, “नको. वर आला की कुनीतरी धुनार.”

तात्यांना राग आला. “आमी कशाला धुतू? आमाला काय कळत न्हाय व्हय?”

आणि त्याच वेळी पारूकाकू शेजारी येऊन उभी, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. “न्हाय, मी म्हनलं, चिखलाचा आसंल तर जरा पानी मारू.”

खालून मॅडम म्हणाल्या, “ऐकलं. मी हितंच हाय.”

पाणी घोट्यावर आलं, पोटरीवर आलं, गुडघ्यावर आलं. मॅडम वेढा छातीशी धरून कपारीला पाठ लावून उभ्या. वरून लोंबकळणाऱ्या पाळण्याची सावली त्यांच्यावर. आम्ही प्लॅस्टिकच्या डब्यातून भाकरी आणि ठेचा सोडला, तर म्हणाल्या, हात मोकळा न्हाय. मी वीज कंपनीच्या माणसाला इतके फोन केले की त्याच्या बायकोशी माझी ओळख झाली. जनरेटर आणायला पोरगा मोटारसायकलवर गेला, तो काही येईना. पाणी कमरेला लागलं. मला राहवेना. मी पालथा पडून डोकं आत घातलं आणि म्हणालो, “मॅडम, सोडा तो दगड. पुन्हा बघू. जीव हाय तर दगड हायत.”

“पुन्हा कुठं? हे परवा सिमेंट करनार.”

“मग वर तरी या.”

वरचं आभाळ थोडं पिवळं झालं होतं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, वेढा धरलेले दोन हात तेवढे उंच दिसत होते.

“वर येऊन तरी कुठं जायचंय, मिस्त्री,” त्या म्हणाल्या. सहज म्हणाल्या, कुरकुर म्हणून नाही. मी डोकं बाहेर काढलं आणि वीज कंपनीला पुन्हा फोन लावला.

पाणी छातीला लागायच्या बेतात आलं तेव्हा लाइट आली. पाळणा आधी वर घेतला, ड्रिल उतरवलं, परत खाली सोडला. मॅडम वर आल्या तेव्हा ओठ निळे पडलेले आणि बोटं वेढ्याभोवती अशी वळलेली की पारूकाकूनं एकेक करून उलगडली. तांब्या तिनं त्याआधीच लांब नेऊन ठेवला होता. बाण काळाभोर, टोकदार, कोरडा. मॅडमनी तो दोनदा पाहिला आणि मग भाकरी मागितली.

जूनमध्ये मुंबईहून गाडी आली. संस्थेनंच पाठवली होती, बरोबर एक तरुण संशोधक, अतिशय सभ्य. मॅडम पहाटेपासून तयार. थरामागून थर, आंब्याच्या पेटीत गवतावर झोपवलेले, प्रत्येक बाण वर. नवी बॅग मागच्या सीटवर. पेट्या चढवायला मीही होतो.

कॉलेजच्या आवारात पत्र्याखाली प्रवेशाची टेबलं लागली होती. विषयवार पाट्या. भूशास्त्राच्या पाटीमागं खुर्ची रिकामी. प्राचार्य स्वतः गाडीपाशी आले. “जा मॅडम, अवश्य जा. मी अडवणार नाही. फक्त त्या टेबलामागं माणूस नसेल तर पाटी काढावी लागेल, एवढं समजून घ्या.” किसनमामा म्हणाले, मी बसतो. प्राचार्यांनी त्यांच्याकडं प्रेमानं पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

मॅडम गाडीत बसल्या. दार लावलं. तेवढ्यात निमगावकडच्या दोन मुली पत्र्याखाली आल्या आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. एक दुसरीला म्हणाली, “हितं कुनीच न्हाय. चल, वाणिज्यला जाऊ.”

मॅडम उतरल्या. “आलेच,” म्हणून त्या तरुणाला सांगितलं, टेबलापाशी गेल्या, मुलींना बसवलं. भूगोल वेगळा आणि भूशास्त्र वेगळं कसं, इथपासून सुरू झालं. एक मुलगी वहीवर काहीतरी काढून दाखवायला लागली. तिच्यामागं तिसरी येऊन उभी राहिली. मुंबईच्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. मग पुन्हा नाही दिला. मॅडम मुलींना “एक मिनिट” म्हणून उठल्या, गाडीशी आल्या, मागच्या सीटवरची बॅग काढली, पेट्यांचं झाकण उचलून बाण पाहिले आणि त्या तरुणाला म्हणाल्या, “धुवू नका.”

गाडी पुण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी पाहिली नाही. त्या मुलीच्या वहीवर वाकल्या होत्या.

त्या महिन्यात मी दुकान विकून नाशिकला पोराकडं आलो, त्यामुळं त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच आठवड्यात. बबनतात्या मोटार न्यायला बारामतीत आले होते, त्यांना मॅडमना भेटायचं होतं. मॅडम त्याच पत्र्याखाली, त्याच पाटीमागं, समोर कुणी नाही, शेजारी बॅग. तात्यांनी लांबूनच हात जोडले आणि विचारलं, “मॅडम, मग मुंबई कशी हाय?”

मॅडमनी टेबलावरची धूळ हातानं पुसली.

“दगड पोचले,” त्या म्हणाल्या.